बघायला कोण आलतं?

कांबळे सिस्टर माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या तेव्हा खुर्चीत बसण्याआधी त्यांनी पिशवीतून स्पिरिटचा बोळा काढला आणि माझा कीबोर्ड पुसला. मग माऊस पुसला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पावणं, घरात कोण आजारी हाय का?" मी म्हणालो, आईला दोन दिवस ताप आहे. यावर दुसरं कोणीही डॉक्टरला दाखवलं का, गोळ्या कुठल्या दिल्या, असं विचारलं असतं. सिस्टरनी विचारलं, "बघायला कोण कोण आलतं?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शाहूपुरीत माझं टायपिंगचं दुकान होतं आणि त्यात दोन कॉम्प्युटर होते, याचा मला भलताच अभिमान होता. त्या दोनपैकी एक पुसायच्या लायकीचा आहे असं पहिल्या भेटीत सांगणारी बाई मला आवडायचं काही कारण नव्हतं. वर त्या मला टाईप करू देत नसत. "माझी चूक माझ्याच हातनं हुंदे," असं म्हणून एका बोटाने महिन्याचा अहवाल टाईप करत बसत. दोन पानांना अख्खी दुपार जाई.

पन्हाळा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात त्या आरोग्य सेविका होत्या. माहेर चंदगडकडचं. नवरा लवकर गेला. मुलगी सुजाता शिकावी म्हणून त्यांनी कोल्हापुरात दोन खोल्या घेतल्या आणि स्वतः रोज सकाळच्या एस.टी.ने नोकरीला जात. बांधा ठेंगणा, आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा, आणि कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं "मी जातो, मी येतो" असं खणखणीत बोलणं. त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, आणि त्यांच्या बरोबर खाली लसीकरणाचा तक्ता होता.

एकदा चहा पिताना सहज त्यांनी पहिल्या नेमणुकीची गोष्ट सांगितली. गावातल्या बायका त्यांच्या हातची गोळी घ्यायच्या. पाणी मात्र आपल्या तांब्यातून प्यायच्या आणि यांना उंबऱ्याबाहेर उभं करायच्या. "गोळी चालायची, पाणी चालायचं न्हाय," सिस्टर म्हणाल्या. "पंधरा वर्सं मी उंबऱ्याभायेर हुबा राहून इंजेक्शनं दिलीत. हात कवा थरथरला न्हाय माझा." आणि हसल्या. मला हसता आलं नाही. आमच्या घरातही काही वेगळं चालत नसणार, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

आता त्यांच्या त्या प्रश्नाविषयी सांगतो. आमच्याकडे माणूस आजारी पडला की त्याला बघायला जावंच लागतं. एकट्याने नाही, टेंपो करून. नारळ, बिस्किटचे पुडे, मोसंबी घ्यायची, आजाऱ्याच्या कॉटवरच टेकायचं, कपाळाला हात लावायचा, "लई वाळलासा की" असं त्याच्या तोंडावर सांगायचं, चहा प्यायचा, बऱ्याचदा जेवायचं आणि परत यायचं. जो येत नाही त्याचं नाव घरात कायमचं कोरलं जातं. माझी एक मावशी आईशी बोलत नाही, कारण तिच्या ऑपरेशनला आम्ही दोन दिवस उशिरा गेलो होतो. सिस्टरांचं म्हणणं सरळ होतं. "रोगाला कुठं पाय असत्यात, अजित? त्येला आमचं पावणं पिशवीत घालून न्हेत्यात, नारळासंगं."

पुढे सात-आठ वर्षांत दुकानाचं सायबर कॅफे झालं. बंगळूरच्या एका मित्राने मला एका खेळाच्या सीड्या दिल्या. जगभरातली हजारो माणसं एकाच वेळी खेळतात असा तो खेळ. त्यात राज्यं, शहरं, बाजार, राक्षस, सगळं होतं. मी गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता खेळत असे, म्हणजे खरं तर खेळता खेळता गिऱ्हाईक सांभाळत असे. एकदा खेळवाल्या कंपनीने एक नवी गुहा आणली. तिथल्या राक्षसाशी लढलं की अंगाला एक रोग लागायचा आणि जवळ उभं राहिलेल्याला तो जायचा. गुहेतला रोग गुहेतच राहील असा कंपनीचा हिशोब होता. पण खेळाडूंची पाळीव जनावरं तो बाहेर घेऊन आली आणि दोन दिवसांत शहरांतले रस्ते सांगाड्यांनी भरले.

मीही तो बाहेर आणला. चुकून नाही, मुद्दाम. खेळातला माझा गडी तगडा होता, त्याला त्या रोगाने फार काही होत नव्हतं. मी त्याला सगळ्यात मोठ्या शहराच्या भर बाजारात नेऊन उभा केला. आजूबाजूचे नवखे खेळाडू पटापट आडवे व्हायला लागले आणि मी हसायला लागलो. शेजारच्या कॉम्प्युटरवर सिस्टरांचं एक बोट थांबलं.

"ही माणसं का पडाय लागल्यात?"

मी सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, वही काढली आणि गावात घरोघर जसं विचारतात तसं मला विचारायला सुरुवात केली. लागण कुठं झाली? संगं कोण होतं? तिथनं कुठं गेलास? खेळातले दुकानदार हे खेळाडू नसतात, नुसती चित्रं असतात. त्यांना रोग लागतो पण ते मरत नाहीत, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला देतात, हे ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. "म्हंजे दिसाय धडधाकट आणि वाटाय मोकळा. असली माणसं आमच्याकडं ढिगानं हाईत." मग वेशीतून आत येणाऱ्या झुंडीकडे बोट केलं. "ह्ये सगळं कोण?"

"लांबच्या राज्यांतले. कंपनीने सांगितलंय शहरात येऊ नका, तरी येतायत."

"कशाला?"

"बघायला."

सिस्टर एवढ्या मोठ्याने हसल्या की कोपऱ्यातलं गिऱ्हाईक दचकलं. "समुद्रापल्याडची माणसं बी बघायलाच येत्यात की रं!"

पण पुढचं ऐकताना त्यांनी वही पुन्हा पुढे ओढली. काही खेळाडू औषधोपचार करणारे होते. ते बिचारे धावून आले होते. त्यांच्या औषधाने आजारी माणूस जेमतेम उभा राहायचा आणि आणखी चार गल्ल्या चालून आणखी दहा जणांना रोग द्यायचा. त्या उपचार करणाऱ्यांनाही तो लागत होता आणि तेच तो पुढच्या शहरात नेत होते. सिस्टरनी पडद्यावरच्या एका उपचार करणाऱ्याकडे बोट केलं. "ह्यो तर मीच हाय," त्या म्हणाल्या. "पिशवी घिऊन ह्या घरातनं त्या घरात."

शेवटी मला विचारलं, "आणि तू कशाला गेलतास बाजारात?"

"मजा म्हणून," मी म्हणालो. माझे कान तापले होते.

त्या रागावल्या नाहीत. पिशवीतून साथीचा छापील फॉर्म काढला. त्यात पाणी कुठलं प्यालं, जेवण कुठं झालं, प्रवास कुठं केला, असे रकाने होते. माझ्याच टेबलावरची पट्टी घेऊन त्यांनी कडेला दोन रकाने आखले. एकात लिहिलं, 'बघायला कोण आले', दुसऱ्यात, 'मजा'. म्हणाल्या, "तू खरं बोललास ह्येच लय झालं. एकदा गेलास, गेलास. फुडल्या टायमाला काय करतोस ते बघू." पुढे कंपनीने हात टेकले आणि सगळा खेळच बंद करून पुन्हा पहिल्यापासून चालू केला, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर त्यांचं एकच म्हणणं होतं, "तुमचं बरं हाय, बटन दाबलं की झालं. आमच्या केंद्रात असलं बटन न्हाय."

दुसऱ्या वर्षी त्यांच्याच भागातल्या एका गावात जुलाब-उलट्यांची साथ आली. शाळेत कॉट टाकल्या, सलाईन लागली. विहिरीत औषध पडलं. तरी आठवड्यात शेजारच्या दोन गावांत रोगी निघाले, कारण बघायला आलेले पाहुणे तिथलंच पाणी पिऊन, तिथंच जेवून घरी गेले होते. मोठ्या डॉक्टरांनी हुकूम काढला, गावबंदी. 'प्रवेश बंद'चे फलक मीच छापले आणि मोटारसायकलवर बांधून पोचवायला गेलो.

वेशीवर आडवा बांबू होता, त्यापाशी एक पोलीस आणि त्याच्यासमोर हातात नारळ घेतलेला एक म्हातारा. "आत माझी भण हाय. मी न्हाय गेलो तर तिला काय वाटंल?" पोलीस त्याच्यावर ओरडला. म्हातारा मुकाट मागे फिरला. अर्ध्या तासाने तो मला गावाच्या आतल्या बाजूला, उसातून बाहेर येताना दिसला. धोतराला चिखल, नारळ हातात तसाच. सिस्टरनीही त्याला पाहिलं. त्या माझ्याकडे वळल्या. "तुझ्या खेळात बी हेच झालतं न्हवं? येऊ नगा म्हणलं की जास्त आली."

त्यांनी माझे फलक उलटे करून भिंतीला टेकवले. मी रात्रंदिवस खपून छापलेले होते, पण बोलायची सोय नव्हती. शाळेतून टेबल आणि बाकं आणवली, वर ताडपत्री बांधली, उकळलेल्या पाण्याचं पिंप आणि चहाची किटली ठेवली, आणि टेबलावर एक दोनशे पानी वही. येणाऱ्याने हात धुवायचे, बसायचं, चहा घ्यायचा, आणि आपलं नाव, गाव आणि निरोप लिहायचा. सिस्टर दर दोन तासांनी ती वही घेऊन शाळेत जायच्या आणि प्रत्येक कॉटपाशी उभं राहून आलेल्यांची नावं मोठ्याने वाचायच्या. आजाऱ्याने दिलेला उलट निरोप बाहेर आणून सांगायच्या.

केंद्राचे डॉक्टर तरुण होते, त्यांना हे पटेना. "सिस्टर, ही जत्रा कसली भरवलीय? हे कुठल्या नियमात बसतं?"

"सायेब, हुबा माणूस हाकलला की उसातनं जातोय. बसलेला माणूस ऐकतोय," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पंधरा वर्सं मला लोकांनी भायेर ठेवलंय. भायेर ऱ्हायल्यानं मी मेलो न्हाय. पर कसं ठेवलं, ते मरस्तवर ध्यानात ऱ्हाणार. भायेर ठेवायचंच असलं तर मान दिऊन ठेवा. त्यो बांबू मी काढतो, आणि कुणी आत घुसला तर माझ्यावर लिवा."

डॉक्टरांनी पोलिसाला बाजूला केलं आणि बांबू निघाला. त्या म्हाताऱ्याला सिस्टरनी परत वेशीवर आणलं, बसवलं. त्याने वहीत अंगठा उठवला. सिस्टर आत जाऊन आल्या आणि त्याच्यासमोर उभं राहून म्हणाल्या, "तात्या, तुमची भण म्हणती, दादा आलता ते पोचलं. नारळ ठिऊन जावा म्हणती, बरी झाली की वड्या करून तीच घिऊन येणार हाय." म्हातारा धोतराच्या सोग्याने डोळे पुसत उठला आणि रस्त्याने, सगळ्यांच्या देखत, सरळ आपल्या गावी गेला. पंधरवड्यात साथ आटोक्यात आली. चौथ्या गावात ती गेली नाही. श्रेय द्यायला गेलं की सिस्टर म्हणायच्या, "विहिरीत औशिद पडलं म्हणून थांबलं." ते खरंच होतं. पण उसातली वाट त्या दिवसानंतर कोणी तुडवली नाही, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुण्याकडून स्वाइन फ्लू आला त्या वर्षी त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. तपासणीच्या रांगेवर त्यांची नेमणूक होती. एक दिवस दुपारी सुजाताचा फोन आला, आईला ताप आहे, छातीत भरलंय. मी शटर अर्धं ओढलं, सहा मोसंबी घेतली आणि धावलो. कोल्हापूरचाच मी.

दारासमोर एक खुर्ची होती. शेजारी स्टुलावर स्पिरिटची बाटली आणि कापूस, चहाचा थर्मास, कागदी कप आणि एक वही. पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात तीन रकाने आखलेले, नाव, गाव, निरोप. माझा हात कडीवर होता. खरं सांगतो, मी आत जाणार होतो. दहा-बारा वर्षांची ओळख, त्यांनी आईच्या आजारपणात किती खेपा घातलेल्या, आणि मी बाहेरून परत जायचं? मी धडधाकट आहे, मला काय होतंय, असं मनात आलं आणि मी तिथंच थांबलो. खेळातल्या त्या बाजारात माझा गडी उभा केला तेव्हाही मनात हेच होतं. घरी आई सत्तरीची, दम्याची.

मी कडीवरचा हात काढला. कापसाने हात पुसले, खुर्चीत बसलो, चहा ओतून घेतला आणि वहीत नाव लिहिलं. निरोपाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, तो कोरा सोडला. सुजाताने तोंडाला रुमाल बांधून खिडकीतून वही घेतली आणि आतून तिचा मोठ्याने वाचलेला आवाज आला, "अजित, शाहूपुरी."

दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात हलवलं आणि चौथ्या दिवशी सिस्टर गेल्या. त्यामुळे त्यांचा आवाज मी शेवटचा ऐकला तो त्या दुपारी, बाहेर खुर्चीत बसून, भिंतीपलीकडून. आधी बराच वेळ खोकला आला. मग तोच गल्लीच्या टोकाला जाणारा आवाज, पण आता जेमतेम दारापर्यंत पोचणारा.

"आत आला न्हाय न्हवं?"

"नाही आई. बाहेर बसलाय."

"चहा घेतला का त्येनं?"

"घेतला."

"मग पोचलं म्हणावं. आता घरला जा म्हणावं त्येला."

मी मोसंबी खुर्चीवर ठेवली आणि रस्त्याने सरळ घरी आलो.