तुमच्या आजोबांची सायकलची सॅक

बाळांनो,

परवा थोरलीने दोन सॅकचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, ‘आजी, आम्ही दोघं डोंगरात सायकल चालवायला जाणार आहोत. सामान न्यायला यातली कुठली घेऊ? आजोबा न्यायचे ना सॅक?’ मी चष्मा लावला, फोटो मोठे करून नीट पाहिले आणि उत्तर दिलं, ‘उजवीकडची.’ तुमच्याकडून एक अंगठा आला. बोलणं संपलं.

फोन टेबलावर ठेवला, पण दिवसभर वाटत राहिलं की हे उत्तर अपुरं आहे. उजवीकडचीच का, हे सांगू शकणारं माणूस या घरात आता मी एकटीच उरले आहे. म्हणून आज लिहायला बसले. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही भरभर वाचलं असतं, आणि मला ते जडही गेलं नसतं. जन्मभर इंग्रजीच शिकवली. पण तुमच्या आजोबांविषयी माझा विचार इंग्रजीत होत नाही. सावकाश वाचा. अडलं तर बाबांना विचारा.

आजोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा कालवे सोडून त्यांना दुसऱ्या कशाची फारशी आवड नव्हती. त्या वर्षी तुमचे बाबा आले होते. जाताना त्यांनी वडिलांना जाड टायरची, गिअरची सायकल घेऊन दिली. दुकानदार तिला डोंगरातली सायकल म्हणत होता. परभणीत डोंगर कुठला? काळी सपाट जमीन, एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला सोयाबीन. डोंगर बघायचा तर जिंतूरकडे जावं लागतं. पण कालव्याच्या कडेचा मातीचा रस्ता कुठल्याही डोंगराला भारी पडेल असं आजोबांचं म्हणणं. खड्डे, दगड, वेड्या बाभळींचे काटे, आणि पाऊस झाला की चाकात गच्च बसणारी काळी माती. सकाळचा चहा झाला की ते निघायचे. कधी पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला, कधी ताडकळसकडे, कधी नुसतेच कालव्याकालव्याने.

मी घरी असायचे. निवृत्तीनंतर दोघं मिळून पेपर वाचू, बागेत वाफे करू, असं मी मनाशी धरून ठेवलं होतं. प्रत्यक्षात पेपर मी एकटीच वाचायचे आणि त्यांच्यासाठी परत घडी घालून ठेवायचे. फाटकाची कडी वाजली की गॅसवर तवा चढवायचा, असा दिवस बसला होता. त्याची मला तक्रार नव्हती. पण कडी वाजेपर्यंतचं घर फार मोठं वाटायचं.

तुम्हाला माहीत आहे, त्यांना मधुमेह होता. एका सकाळी पोखर्णीच्या अलीकडे त्यांची साखर एकदम उतरली. ते रस्त्याच्या कडेला बसले, हात थरथरायला लागले, स्वतःचा फोन उघडता येईना. शेजारच्या रानातल्या शेतकऱ्याने साखर उतरल्याचं ओळखलं, घरून गोड चहा आणून पाजला आणि मला फोन लावला. ‘बाई, सायब आमच्या बांधावर बसल्यात. आता बरे हायत. पण असं एकटं सोडू नका.’

मी रिक्षा करून गेले आणि त्यांना घेऊन आले. सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. आजोबांनी किल्ली मागितली नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. सकाळी चहा घेऊन व्हरांड्यात बसायचे ते दुपारपर्यंत तिथेच. मी पेपर पुढे करायचे. तो मांडीवर तसाच पडून राहायचा. माणूस घरात होता, आणि मला सोबत नव्हती. असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी मी किल्ली त्यांच्या कपाशेजारी ठेवली.

‘एक अट आहे,’ मी म्हटलं. ‘साखर, पाणी, पंप, ट्यूब, सगळं पाठीवर पाहिजे. हँडलला पिशवी लटकवायची नाही, ती चाकात जाते.’

‘म्हणजे दप्तर घेऊन शाळेत जाऊ? डबा पण देशील?’

‘देईन.’

‘आणि रडलो तर?’

‘वर्गाबाहेर उभं करीन.’

कितीतरी दिवसांनी ते हसले. त्याच संध्याकाळी आम्ही बाजारात गेलो.

मी सगळं सामान वायरच्या पिशवीत भरून नेलं होतं. हवा भरायचा छोटा पंप, जादा ट्यूब, टायर उचकटायच्या पट्ट्या, पाने, पंक्चरची डबी, पाण्याची बाटली, जेवणाचा डबा. सॅकच्या दुकानात ते सगळं काउंटरवर ओळीने मांडलं. दुकानदार आधी पंपाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

‘मावशी, नातू कितवीत आहे?’

‘नातवाला नाही, यांना पाहिजे,’ मी आजोबांकडे बोट दाखवलं.

‘मग काका, ही घ्या. एक नंबर माल. लॅपटॉप पण बसतो.’

‘लॅपटॉप पंक्चर काढतो का?’ आजोबांनी विचारलं.

सॅक रिकामी हातात धरून कळत नाही, हे तुम्ही लक्षात ठेवा. आपलं सामान आत भरायचं, पाठीवर चढवायची आणि सायकलवर बसतो तसं वाकायचं. आजोबांनी काउंटरची कड हँडलसारखी दोन्ही हातांनी धरली आणि वाकले. मी मागून सॅक गदागदा हलवली. पहिली घसरून थेट मानेवर आली. दुसरी इतकी रुंद की कोपरं तिला घासत होती. तिसरीला इतके खण होते की मला बघूनच आनंद झाला, पण तिची पाठ सपाट आणि जाड रेक्झिनची. आपल्याकडच्या उन्हात ती पाठीला चिकटून बसली असती. दुकानात आलेली माणसं थांबून बघत होती. ‘मावशी, अजून जोरात हलवा, कालव्याचा रस्ता लय खराब हाय,’ एक जण म्हणाला, आणि सगळे हसले. आजोबा वाकलेलेच होते, तेही हसले.

शेवटी वरच्या फळीवर धूळ खात पडलेली एक निघाली. अंगाला अरुंद, उंचीला बेताची, रंगाने नारिंगी. छातीवर एक पट्टा, कमरेला एक पट्टा, पाठीकडे जाळी, म्हणजे वारा खेळता राहील. कितीही हलवली तरी ती जागची हलेना.

‘हिचा रंग बघ,’ आजोबा म्हणाले. ‘पाठीवर गॅसचं सिलिंडर घेऊन चाललोय असं वाटेल.’

‘लांबून दिसाल,’ मी म्हटलं.

त्यांनी पैशाचं पाकीट काढलं. ते वाक्य मी कशासाठी बोलले ते त्यांना कळलं होतं.

तुमच्या फोटोतल्या उजवीकडच्या सॅकला असेच दोन्ही पट्टे आहेत आणि पाठीला जाळी आहे. डावीकडची दिसायला चांगली आहे, पण रुंद आहे. भरताना जड वस्तू खाली आणि पाठीला लागून ठेवा, हलक्या वर. एरवी लागत नाही पण लागलं तर तातडीने लागतं, ते कमरपट्ट्याच्या खणात. आमच्याकडे तिथे साखरेची पुडी असायची. सॅक न उतरवता, न बघता, उजवा हात तिथे गेला पाहिजे. मी त्यांना व्हरांड्यात डोळे मिटायला लावून सराव करून घेतला होता.

इथवर सगळं माझ्या मनासारखं झालं. एक गोष्ट मात्र मी हिशेबात धरली नव्हती. आपल्याकडे शेतावर आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. आजोबा नुसते सायकलवर यायचे तेव्हा लोक चहावर सोडायचे. आता पाठीवर सॅक दिसायला लागली. सुरुवातीला अनोळखी लोक विचारायचे, ‘काय विकायलात काका?’ आणि ओळखीचे झाले की भरायलाच लागायचे. वांगी, हरभऱ्याचे डहाळे, हुरड्याच्या दिवसांत ज्वारीची कणसं. आजोबांना नाही म्हणता यायचं नाही. पुढे ते संवाद त्यांनी मला आवाज काढून ऐकवले आहेत.

‘घ्या की वो काका, सॅकमंदी लय जागा हाय.’

‘अहो, सामान आहे त्यात माझं.’

‘मंग सामान ठिवा हितं. उद्या येनारच हाव की तुमी!’

आणि हे ठेवायचे. खरंच ठेवायचे! मला वाटायचं, संध्याकाळी भाजी घेऊन येतात, किती छान. सॅक ते स्वतःच रिकामी करायचे आणि मला हात लावू द्यायचे नाहीत. ‘दप्तर ज्याचं त्याने आवरायचं,’ असं म्हणायचे. मला तो शिस्तीचा भाग वाटला.

मग ती दुपार आली. जेवणाची वेळ टळली तरी कडी वाजली नाही. फोन लागत नव्हता. मी पोळ्या झाकून ठेवल्या आणि पायरीवर येऊन बसले. त्या सॅकमधली प्रत्येक वस्तू कुठल्या खणात आहे ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं. ती ज्याच्या पाठीवर होती तो माणूस कुठे आहे ते माहीत नव्हतं. समोरच्या रस्त्यावरून भाजीवाला गेला, शाळेच्या रिक्षा गेल्या. कुणाला सांगावं? तुमच्या बाबांना फोन करून तिकडे त्यांना घाबरवायचं? मी पायरीवरच बसून राहिले. या घराला आणि मला एकमेकांची सवय करून घ्यावी लागेल, असा विचार त्या दिवशी पहिल्यांदा स्पष्ट मनात आला.

ऊन उतरताना दुधाचा टेम्पो फाटकाशी थांबला. मागे कॅनच्या मध्ये सायकल आडवी, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी आजोबा. मिशा चिकट झालेल्या.

‘सराट्याचे काटे,’ ते उतरता उतरता म्हणाले. ‘दोन्ही चाकं गेली.’

‘पंप होता ना?’

‘पोखर्णीत आहे.’

‘ट्यूब?’

‘ताडकळसला. चांगल्या घरी आहे, काळजी करू नकोस.’

‘आणि साखर?’

‘ती काल मेंढरांमागे फिरणाऱ्या पोरांना दिली. तोंडात टाकायला मागत होती.’

‘मग या सॅकमध्ये आहे तरी काय?’

त्यांनी चेन उघडली. वर डहाळे, खाली वांगी, आणि पाठीला लागून, म्हणजे मी शिकवलं होतं अगदी त्या जागी, काकवीची बाटली. अर्धी संपलेली. रस्त्यात हात थरथरायला लागल्यावर त्यांनी ती तोंडाला लावली होती.

‘वाचलो की नाही?’ ते म्हणाले.

मला रागावताही येईना. मी आत जाऊन पोळ्या गरम केल्या. ते जेवत होते आणि मी समोर बसून ठरवत होते. कुलूप कपाटातच होतं. ते घातलं असतं तर माझ्या सगळ्या दुपारी निश्चिंत गेल्या असत्या. पण व्हरांड्यात मांडीवर पेपर घेऊन बसलेला तो माणूस मी बघितला होता. तसा तो मला परत नको होता.

दुसऱ्या दिवशी मी सायकल दुकानात नेऊन मागे कॅरिअर बसवून घेतलं.

‘डोंगरातल्या सायकलला कॅरिअर? लोक हसतील,’ आजोबा म्हणाले.

‘हसू देत. कॅरिअर गावाचं, सॅक माझी. सॅकमधलं काही कुठे उतरवायचं नाही. पोरांसाठी गोळ्यांची वेगळी पुडी दिली आहे, कमरपट्ट्याला हात लावायचा नाही.’

‘हो बाई,’ ते म्हणाले, आणि बहुतेक वेळा त्यांनी ते पाळलं.

त्यानंतर ते काही वर्षं हिंडले. मी पायरीवर बसायचं सोडलं असं नाही. पण बसताना हातात पेपर घेऊन बसायला शिकले. मग त्यांच्या पायांना सूज यायला लागली, मूत्रपिंडं थकली, आणि सायकल त्यांनी स्वतःच एके दिवशी भिंतीला लावली. मला सांगावं लागलं नाही. ते गेले ते दवाखान्यात, दुपारी, माझा हात त्यांच्या हातात असताना. रस्त्यावर नाही, एकटे नाहीत. ज्याला मी इतकी घाबरत होते ते घडलंच नाही. एकटी राहायची वेळ माझी होती, आणि तिच्यासाठी पाठीवर बांधून देण्यासारखं काही नसतं.

तुम्ही दोघं मिळून जाणार आहात हे वाचून मला बरं वाटलं. एकाच्या सॅकमधलं दुसऱ्याला माहीत असू द्या. पोचल्यावर अंगठा पाठवला तरी चालेल.

सायकल मी पोखर्णीच्या एका शेतकऱ्याच्या मुलीला दिली, ती तिच्यावरून कॉलेजला जाते. सॅक दिली नाही. ती आतल्या खोलीत खुंटीवर आहे. रंग उतरला आहे, छातीचा पट्टा तुटला आहे. कमरपट्टा धड आहे, चेन चालते, आणि पाठीच्या जाळीवर घामाची पांढरी रेघ आहे, ती धुऊनही गेलेली नाही.