आबांसाठी केलेली फिल्म

मला काळजी करायला कारण लागत नाही, पण त्या हिवाळ्यात कारण होतं. नागपूरला बाबांचा काचबिंदू वाढत चालला होता. "थोडं कमी दिसतं, बाकी मस्त आहेत," दादा फोनवर म्हणायचा. डॉक्टर काय म्हणाले विचारलं की गाडी लगेच हवापाण्यावर. आणि बाबांनी माझी लेक अजून एकदाही पाहिली नव्हती. ती इथे, अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावात जन्मलेली. नवऱ्याच्या व्हिसाच्या एक्स्टेन्शनचे कागद अडकले होते. देशाबाहेर पाय टाकला तर परत आत घेतील की नाही, देव जाणे. म्हणजे जाणं बंद. फोटो पाठवले होते, पण फोटोतलं मूल चालत नाही. बाबांची नजर जायच्या आत त्यांना नात दुडूदुडू चालताना दिसली पाहिजे, एवढं एकच डोक्यात घेऊन मी फिरत होते.

फोनचा तर उपयोगच नव्हता. दर रविवारी सकाळी कॉलिंग कार्ड खरवडून आम्ही नागपूर लावायचो. दिवसभर तोंडाची टकळी चालवणारी ही बया रिसीव्हर कानाला लागला की मिठाची गुळणी धरायची. "अगं बोल ना, आबा म्हण, आबा!" मी कळवळून सांगायचे आणि ती वायर चघळत बसायची. "राहू दे गं," पलीकडून बाबा म्हणायचे, "नसेल तिच्या मनात."

अशात इथल्या मराठी मंडळातल्या एक काकू नागपूरला जायला निघाल्या. आपल्याकडे कोणी देशात निघालं की त्याची बॅग त्याची राहत नाही, ती सगळ्या गावाची होते. काकूंकडे आधीच कोणाचं परफ्यूम, कोणाची व्हिटॅमिनं. मी म्हटलं, "काकू, माझी फक्त एक डीव्हीडी." त्या म्हणाल्या, "अगं, दोन दे. पण शनिवारच्या आत दे हो."

झालं. आमच्याकडे कॅमकॉर्डर होता आणि लेकीच्या टेपांचा ढीग होता, पण त्यातून फिल्म करायची कशी, हे ठाऊक नव्हतं. लॅपटॉप होता तोही नवऱ्याच्या ऑफिसचा. "त्यात काहीबाही टाकू नकोस हां, आयटीवाले बघतात," तो म्हणाला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास! आता सॉफ्टवेअर टाकायचं म्हणजे आपण काही चोरीमारी करतोय असंच मला वाटायला लागलं. व्हिसाचे कागद अडकलेत आणि मी ऑफिसच्या मशीनमध्ये व्हायरस सोडला तर? माझं डोकं असंच पळतं.

लॅपटॉपमध्ये आयतं आलेलं एक सॉफ्टवेअर होतं. टेप आत घेतली की ते गोठायचं. बाहेरच्या तळ्यासारखं. दुसरं मी इंटरनेटवरून ट्रायल म्हणून उतरवलं. ते छान चाललं, मी खूश, आणि फिल्म तयार झाल्यावर बघते तर पडद्याच्या मधोमध कंपनीचं भलंमोठं नाव! नेमकं लेकीच्या तोंडावर. बाबांना आधीच कमी दिसतं, त्यात ही पाटी. मी लॅपटॉप असा आपटून मिटला की नवरा दुसऱ्या खोलीतून ओरडला, "यार, ऑफिसचा आहे तो!" तिसरं नवऱ्याच्या मित्रानं सुचवलं. त्यात इतकी बटणं होती की विमान चालवणं सोपं गेलं असतं. एक ना धड, भाराभर चिंध्या.

शेवटी काकूंच्या मिस्टरांना विचारलं. काका रिटायर्ड इंजिनिअर, आमच्या मंडळाचे कॅमेरामन. बारशापासून गणपतीपर्यंत सगळं त्यांनीच टिपलेलं. ते म्हणाले, "सॉफ्टवेअर कुठलंही घे गं, पण तिकडच्या टीव्हीची सिस्टीम वेगळी असते, ते सेटिंग आहे का बघ. नाहीतर तुझ्या बाबांना नुसते पट्टे दिसतील." पट्टे! मग त्यांनीच सांगितलेलं एक साधंसं सॉफ्टवेअर आम्ही दुकानातून डब्यासकट आणलं. भारतातलं सेटिंग त्यात होतं. मी ते तीनतीनदा तपासलं. गॅस बंद केला का, तसं.

चित्र सुरेख आलं. लेक सोफा धरून उभी राहते, सोडते, तीन पावलं टाकते आणि बुडावर आपटते. स्नोसूट घालून फुग्यासारखी दारात उभी. मी चित्राचा उजेड वाढवला, रंग गडद केले, लेकीचं तोंड जवळून दिसेल तेच तुकडे ठेवले. बाबांसाठी अक्षरं मोठी, पिवळी. पण लॅपटॉप बिचारा दमत होता. आवाज चित्राच्या मागे पडायचा. लेक गप्प झाल्यावर तिची बडबड ऐकू यायची. नवऱ्यानं हात टेकले. आणि त्या आवाजात होतं तरी काय? डिशवॉशरची घरघर, आणि माझं ओरडणं, "अगं, ते तोंडात घालू नकोस! काढ, काढ!" बाबांनी काय म्हणावं, ही आई आहे की कैदाशीण?

सॉफ्टवेअरबरोबर फुकट संगीत आलं होतं. मी सगळा आवाज बंद केला आणि वर बासरी घातली. काय सोज्वळ वाटायला लागलं सगळं! शुक्रवारी संध्याकाळी काकूंच्या हातात दोन डीव्हीडी ठेवल्या तेव्हा मला रडूच आलं.

काकू पोचल्या. पुढच्या रविवारी मी फोन लावला. पट्टे तर नाही दिसले?

"नाही गं, एकदम क्लिअर," दादा म्हणाला. "वहिनी तर रडलीच तुझी." मग बाबा आले.

"बासरी फार गोड आहे हो," ते म्हणाले. "वाजवलीय कोणी?"

"बाबा, बासरी जाऊ द्या! पोरगी कशी वाटली?"

"दोनदा लावली आम्ही. पण त्यात ती बोलतच नाही गं काही?"

"अहो, बोलत नाही, पण चालते ना! पडते, हसते... तुम्ही बघितलं नाही?"

मग दादानं फोन घेतला असावा, त्याचा आवाज आला, हळू. "तुला सांगणार होतो. दिवाळीपासून त्यांना काहीच दिसत नाही. तू तिकडे एकटी, लहान पोर... बाबाच म्हणाले, तिला कळवू नका."

मला दादाचा राग आला. त्याहून जास्त त्या बासरीचा. मी रिसीव्हर तसाच ओट्यावर टाकला आणि पळत जाऊन कॅमकॉर्डर आणला. ढिगातल्या टेपा उपसल्या. मिळाली ती लावली आणि रिसीव्हर त्या चिमुकल्या स्पीकरला भिडवून धरला.

डिशवॉशर घरघरला. "काढ! काढ तोंडातून!" टेपमधली मी किंचाळले. आणि मग लेक, रागानं, ठसक्यात, एकामागून एक: "आबा! आबा! आबा!" भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघून ती रोज असंच ओरडायची.

टेप थांबली. मी रिसीव्हर कानाला लावला. तेवढ्यात कॉलिंग कार्डची रेकॉर्ड केलेली बाई मध्ये घुसली, कार्डात एकच मिनिट उरलंय म्हणून सांगायला. तिचं संपायची वाटही न बघता बाबा घाईघाईनं म्हणाले,

"पुन्हा लाव."