मिठावर पाडलेला सूर्य

माझी बायको गेल्या थंडीत गेली. तिने सूर्यावर एक गोष्ट पाहिली होती, ती मला दिसली नाही. तेवढी दिसावी, बाकी आता काही नको.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही दोघं नेरूळच्या खाडीकडच्या मिठागरावर कामाला होतो. नव्या वसाहतीतले एक मास्तर दुर्बीण घेऊन बांधावर आले. नळीत डोळा घालायचा नाही, डोळा जाईल, म्हणाले. खाली कागद धरायचा, त्यावर सूर्य पडतो. पण खाडीचा वारा कागद ठरू देईना. बायको म्हणाली, “मास्तर, मिठावर पाडा की!” आणि फळीने रास चोपून सपाट केली.

सूर्य पडला, भाकरीएवढा. कडेजवळ काळा डाग.

“त्या डागाच्या बाजूला उजल काय हाय?” तिने विचारलं.

“मीठ चमकतंय. जल्म मिठात गेला, मीठ वलखंना व्हय तुला?”

मास्तर हसले. “ताईंचं खरं असेल. डागाभोवती जास्त तापलेले, उजळ पट्टे असतात. कडेलाच दिसतात, मधे आले की सूर्याच्या उजेडात हरवतात. थांबा, नळी हलवतो. मिठाची चमक जागेवर राहील, सूर्याची सूर्याबरोबर सरकेल.”

नळी हलली. ती ओरडली, “सरकलं! डागासंगं गेलं!”

मी वाकून वाकून पाहिलं. डोळ्यांना पाणी आलं. मला सगळी मिठाचीच चमक.

“मिठानं डोले खाल्ले तुमचे,” ती म्हणाली. “पुढल्या बारीला बोट ठेवून दावीन.”

पुढली बारी आलीच नाही. मास्तरांची बदली झाली. मिठागरावर भराव पडला, आता तिथे बिल्डिंगी आहेत. भांडण झालं की मात्र ती हटकून म्हणायची, तुम्हाला सूर्यावरचं दिसत नाय, माझं काय दिसनार!

परवा सुनेकडून खडे मीठ मागवलं. पुडीतलं बारीक मीठ मेलेलं असतं. ताटात पसरलं, खिडकीला पुठ्ठा लावून भोक पाडलं. सूर्य आला, लिंबाएवढा. डाग नाही, काही नाही. तरी पुठ्ठा हलवून पाहिला. सूर्य सरकला, चमक सगळी जागेवर.

“बाबा, काय बघताय?” सून म्हणाली.

“कड,” म्हटलं. “ताट उचलू नको. तुझ्या सासूनं बोट कुठं ठेवलं असतं, ते शोधतोय.”