पंचवीस तारखेनंतरचं माहेर

नवऱ्याच्या कंपनीचा पगार एक तारखेला होतो आणि माझी माहेरची माया पंचवीसनंतर उतू जाते. हे आज मी हसत लिहिते आहे, पण त्यात हसण्यासारखं काही नाही.

साताऱ्यात आमचं घर भाड्याचं. भाडं, गाडीचा हप्ता, मुलीची फी भागवली की पंधरा-वीस दिवस आम्ही रुबाबात असतो. मग दुधात पाणी वाढत जातं आणि मला आईची आठवण येते. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झाल्यापासून तर फारच येते. कराडला गाडी बदलायची आणि कडेगावच्या अलीकडं फाट्यावर उतरायचं. आई तिथं येऊन थांबलेली असते.

परतताना दोन पिशव्या भरतात. ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, गूळ, वर्षाच्या तिखटातलं थोडं तिखट. मी तोंडानं "कशाला गं एवढं?" म्हणत असते आणि हातांनी पिशवीचं तोंड उघडं धरलेलं असतं.

एकदा मी आत भाजी निवडत होते आणि आई ओसरीवर शेजारणीला सांगत होती, "महिना सरत आला की तिला ऱ्हावत न्हाई बघा. लग्नं झाली की पोरी इसरत्यात, पर माझ्या लेकीला लय वढ हाय."

माझे कान तापले. बाहेर जाऊन खरं सांगावं असं वाटलं. सांगितलं असतं तर तिची समजूत गेली असती, आणि पिशव्याही गेल्या असत्या. यातल्या कशाच्या भीतीनं मी गप्प बसले, ते अजून धड सांगता येत नाही.

पुढं एका महिन्यात नवऱ्याला ओव्हरटाइमचे बरेच पैसे मिळाले. अठ्ठावीस तारीख आली तरी डबे भरलेले होते. रविवारी आम्ही तिघांनी बाहेर पावभाजी खाल्ली, वर आइस्क्रीम. फार दिवसांनी नवरा मोठ्यानं हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन. "बरी हाईस न्हवं? आई काल फाट्यावर दोन गाड्या बघून माघारी आली."

मी येते म्हणून कळवलंच नव्हतं. कधीच कळवत नसे. पंचवीस तारखेनंतरच्या रविवारी फाट्यावर जायची तिनं आपली सवय करून घेतली होती.

मग आईनं फोन घेतला. आवाज बारीक. "काय चुकलं का गं आमचं? तुला कोण काय बोललं का?"

"नाही गं, पाहुणे आले होते," मी म्हणाले. तिला ते लगेच पटलं.

महिनाअखेरीला हात पसरल्याची लाज मला होतीच, ती अंगवळणी पडली होती. ही निराळी होती. पोट भरलेलं असताना, त्या अख्ख्या रविवारात, मला आई एकदाही आठवली नव्हती.