ठिपके सांभाळणारी

जामिनावर सुटलेल्या सात जणांच्या घोट्याला सॅटेलाइटवरून ठिकाण कळवणारा पट्टा होता. ते कुठे आहेत हे पोलीस ठाण्यातल्या स्क्रीनवर बघायचं काम तिचं. मी शेजारच्या टेबलावर टायपिंग करायचो. वडील कामाला होते ती मिल बंद झाली त्या वर्षी आपण जन्मलो, याहून जास्त ती स्वतःबद्दल बोलली नाही. स्क्रीनवरच्या ठिपक्यांशी मात्र भावाशी बोलावं तशी बोलायची. "काय भिया, आज जेवायला घरी नाही गेले?" जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यापैकी एखाद्याला स्वतः भेटूनही यायची.

एका दुपारी ती सियागंजच्या बाजारातून परतली, तर साहेब स्क्रीनसमोर उभे होते. एका हमालाचा ठिपका बेटम्यात दिसत होता, आणि शहराबाहेर जायची त्याला मनाई होती.

"जामीन रद्द करायला लिहा," साहेब मला म्हणाले.

"सर, आत्ताच त्याच्याशी बोलून आले. तो गोदामात पोती उतरवतोय."

"सॅटेलाइट झूठ बोलतं का?"

"ते माहीत नाही, सर. मी झूठ नाही बोलत."

"लिहून देशील? उलटं निघालं तर नोकरी जाईल."

तिनं माझ्याकडून कागद घेतला आणि उभ्यानंच लिहिलं. खाली सही केली.

साहेबांनी शिपाई पाठवला. हमाल सियागंजातच सापडला; पट्टा बिघडला होता. साहेब आत गेले, आणि ती टेबलावर डोकं टेकून रडली. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा ताई म्हटलं. ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे.