तिसरा पुकारा

तिचे वडील कोर्टात पट्टेवाले होते. दाराबाहेर उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. मुलगी वकील झाली तेव्हा त्यांनी तिचा काळा कोट स्वतः इस्त्री करून खुंटीला लावला. म्हणाले, "मी जन्मभर दाराबाहेर. तू आत."

त्यामुळे आत करमत नाही, हे सांगायला चार वर्षं तिची जीभ रेटली नाही.

ती एका मोठ्या वकिलांच्या ऑफिसात प्रतिज्ञापत्रं लिहायची. त्यांना सगळे सर म्हणत. खोलीला खिडकी होती, पण खिडकीपुढेच फायलींचं कपाट उभं. माणसं येत, रडत, तावातावाने बोलत. ते सगळं क्रमांक घातलेल्या परिच्छेदांत बसवायचं. रडणं कुठल्याच परिच्छेदात बसत नसे.

एकदा शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. आई गेल्यावर भावाने घराचं कुलूप बदललं होतं. तिने सातव्या परिच्छेदात लिहिलं: 'भावाने दार अर्धेच उघडले. त्याच्या हातात आईचा चष्मा होता.'

सहीच्या आधी सरांनी बाईंना विचारलं, "चष्मा होता हातात?"

"नाही हो. मेल्याने दारच उघडलं नाही."

"मग वाचून गप्प कशा बसलात?"

"भरून आलं मला. म्हटलं, राहू दे."

सरांनी पान फाडलं. बाई गेल्यावर ती मान खाली घालून उभी राहिली. आता सनद गेली, असंच तिला वाटत होतं.

"शपथेवर खोटं लिहितेस," सर म्हणाले, "आणि वर खऱ्यापेक्षा चांगलं लिहितेस. इथे याला शिक्षा असते, बाई. टीव्हीवाले म्हणे पगार देतात."

"त्यांनी बोलावलंय, सर. मालिकेचे दोन भाग लिहून पाठवले होते. बोलावून महिना झाला."

"मग इथे काय माझा अंत बघतेस?"

त्या खोलीत ती पहिल्यांदा हसली.

घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी खुंटीवरचा कोट काढला, घडी घालून कपाटात ठेवला. पुढे कित्येक महिने त्या विषयावर एक अक्षर नाही. जेवताना फक्त भांड्यांचे आवाज.

तिने लिहिलेला पहिला भाग टीव्हीवर लागला. त्यात कोर्टाचा प्रसंग होता. वडील खुर्चीत ताठ बसून बघत होते. तिचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच. संपल्यावर ते म्हणाले, "एकदाच पुकारलंत."

"काय?"

"नाव. पुकारा तीनदा होतो. तीस वर्षं मी दारात उभा राहून काय माशा मारल्या? विचारायचंस की मला!"

फायलींचं कपाट सरकावं आणि मागे खिडकी होतीच, तसं तिला झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही घेऊन बसली आणि वडील स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. पाठ सरळ, हनुवटी वर. पहिला पुकारा खणखणीत. दुसरा त्याहून मोठा. तिसरा मात्र हळू, जवळजवळ स्वतःशीच.

"बाबा, तिसरा असा का?"

"तोवर आपल्याला कळलेलं असतं, बाहेर कोणी नाही. तरी नाव घ्यावं लागतं."

तिने ते लिहून घेतलं. पदरचा एक शब्दही घातला नाही.