ब्राह्मणपुरीचा मोडलेला सौदा

रोहिणी पाटील शहाद्याची. कृषी पदवी घेऊन घरी परतली, तेव्हापासून एका कंपनीसाठी ती ब्राह्मणपुरीच्या शेतकऱ्यांकडून पपई घ्यायची. मग दुसऱ्या मोठ्या कंपनीनं ती कंपनीच विकत घेतली. नव्या मालकांना फळं नको होती, पिकांवरची औषधं विकायची होती. रोहिणीला फोन आला: उद्यापासून येऊ नका. आणि महिनाअखेरपर्यंत शेतकऱ्यांकडे याबद्दल तोंड उघडलं नाही, तरच जातानाचे पैसे मिळतील.

तिची आई कामिनीबाई धास्तावली. “महिनाभर गप्प ऱ्हाय ना, माय!”

“महिनाभरमा फळं झाडवरच पिकी जातीन. मंग कोण लेई?”

खरी अडचण वेगळीच होती. फळांच्या पहिल्या तोड्याआधी खरेदीदारानं शेताच्या बांधावर नारळ फोडला की सौदा पक्का. मग शेतकरी दुसऱ्या व्यापाऱ्याला शेतात पाऊलसुद्धा ठेवू देत नाही. यंदा गावातले सगळे नारळ रोहिणीनंच फोडले होते. ती त्यांना मोकळं करेपर्यंत सगळे तिचीच वाट पाहत बसणार होते.

दुसऱ्या दिवशी ती भिलाआप्पांच्या शेतात गेली. सगळं सांगितलं आणि म्हणाली, “आप्पा, मी सौदा मोडते.”

आप्पा उसळले. “नारय तू फोडा व्हता, कंपनीना सायबनी नै! आते मन्हा माल कोण लेई? तुन्ही माय?”

“तुमना माल मी इकी देसू,” रोहिणी म्हणाली. तिथूनच शहाद्याच्या अरिहंत या फळव्यापाऱ्याला फोन लावला.

अरिहंत गाडी घेऊन आला, झाडांकडे बघून हसला. “ताई, अडकलेला माल आहे. निम्मा भाव देईन.”

“फळ बघून भाव कर. माझी नोकरी बघून नको.”

“नाहीतर?”

“नाहीतर गाडी रिकामी ने. तळोद्यालाही व्यापारी आहेत.”

अरिहंतनं एक पपई कापली, चाखली. आप्पांकडे पाहिलं. आप्पा शांतपणे तंबाखू मळत होते. “पोरगी सांगी ते खरं,” एवढंच ते म्हणाले. भाव वाजवी ठरला.

कंपनीला दुपारीच कळलं. पैसे बंद झाल्याचा निरोप आला. संध्याकाळी कामिनीबाईनं डोक्याला हात लावला. “गयात ना पैसा? आते काय करशी?”

रोहिणी हातपाय धूत होती. अंगाला पपईचा चीक लागून खाज सुटली होती.

“सकाळी हिलालभाऊना शेतमा तोडा शे, त्यासना मालबी मीच इकी देसू,” ती म्हणाली. “लवकर उठाड मले.”